भाद्रपदातली सभा आणि चांदणीची शेपटी

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ती जवळजवळ दर वर्षी पितृपक्षातल्या एखाद्या रविवारी येते. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, १४ सप्टेंबरला झाली. पार्किंगमध्ये गणपतीच्या मांडवाचे बांबू अजून भिंतीला टेकवून ठेवलेले होते, त्यांच्यासमोरच खुर्च्या मांडल्या. हिशेब, लिफ्ट आणि टँकर एवढ्यातच साडेअकरा वाजले. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यांना टँकरचा विषय किती वेळ खातो हे वेगळं सांगायला नको. निम्मे लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात सेक्रेटरींनी सातवा विषय वाचला: सोसायटीतल्या सहा महिन्यांवरच्या सर्व पाळीव कुत्र्या-मांजरांची नसबंदी सक्तीची करावी, डॉक्टरांचा दाखला ३१ डिसेंबरपर्यंत ऑफिसात द्यावा, न दिल्यास दरमहा हजार रुपये दंड.

उठलेले लोक परत बसले.

हा विषय आला कुठून, तर ऑगस्टमधून. दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे लागोपाठ दोन आदेश आले. ११ तारखेचा, सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा असा. २२ तारखेचा, नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचलली तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी सोडू नका, असा. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुत्र्यांशिवाय दुसरा विषय नाही. त्यातच भाद्रपद. या महिन्यात कुत्री माजावर येतात हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बी विंगमधली एक कुत्री माजावर आली आणि गेटबाहेर रात्रभर दहा-बारा कुत्र्यांची भांडणं. वॉचमन काठी आपटून आपटून दमला. लोक वैतागले, आणि वैतागातून ठराव आला.

सभेत दोन्हीकडून खूप बोललं गेलं. एक काका म्हणाले, "सक्तीची नसबंदी? आणीबाणी आली का परत?" ते तावातावाने म्हणाले, पण हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या पिढीच्या पोटात काहीतरी होतं हे खरंच आहे. रॉटवायलरवाला मुलगा म्हणाला, केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या कुत्र्यांबद्दल पत्रक काढलं होतं, आधीपासून घरात आहेत त्यांची नसबंदी करा म्हणून, आणि ते कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केलं, कारण संबंधित कुणालाच विचारलं नव्हतं. तो बरोबरच बोलत होता. पलीकडून एक वहिनी म्हणाल्या, "आणि हडपसरचं विसरलात का?" या फेब्रुवारीत हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं सापडली होती. त्यावर सगळे गप्प झाले.

मग चेअरमन माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमच्याकडे चौदा वर्षं कुत्री आहेत. तुम्ही बोला."

मी बोलले, पण सभेत सगळं नीट बोलता आलं नाही. घसा दाटून आला. म्हणून इथे लिहिते आहे.

माझी पहिली कुत्री जाई. पिवळसर लॅब्रॅडॉर, २०११ साली आली. सात महिन्यांची असताना आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं, "पिल्लं हवीत का? नको असतील तर ऑपरेशनची तारीख ठरवू." आम्ही टाळलं. सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जीवाला एकदा तरी आई होऊ दे गं." मलाही ते पटलं. खरं म्हणजे ते जाईसाठी नव्हतंच. पिल्लं बघायची हौस आम्हाला होती, मुलीला होती, मलाही होती. जाईला कोण विचारणार?

२०१४ च्या भाद्रपदात वारज्याच्या एका ओळखीच्या घरचा लॅब्रॅडॉर आणला. त्रेसष्टाव्या दिवशी, बरोबर त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, जाई व्याली. समोरच्या देवळात पणत्या लागल्या होत्या आणि मी बेडरूमच्या कोपऱ्यात जुन्या सुती साडीवर बसून पिल्लं मोजत होते. नऊ. सातवी मादी निघाली तेव्हा तिच्या शेपटीचं टोक कागद दुमडावा तसं दुमडलेलं होतं. मी बोटाने सरळ करून पाहिलं, पण हाडच तसं होतं. छातीवर पांढरा ठिपका. मुलीने तिथल्या तिथे नाव ठेवलं, चांदणी.

पुढचे दीड महिने आमच्या घरी जत्रा होती. त्यातले चार आठवडे खरोखर आनंदाचे होते, मी ते नाकारणार नाही. पण नऊ पिल्लं पंचेचाळीस दिवसांची झाली की ती नऊ पिल्लं राहत नाहीत. ती नऊ कुत्री असतात आणि त्यांना नऊ घरं लागतात. मी बँकेत होते, लक्ष्मी रस्त्यावरच्या शाखेत. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले. दोन सहकाऱ्यांनी नेली. एक मुळशीच्या फार्महाऊसवर गेलं, एक मुलीच्या मैत्रिणीकडे. राहिलेली पाच, ओळखीच्या ओळखीने, फोनवर गोड बोलणाऱ्या लोकांना. पैसे घेतले नाहीत कुणाकडून. फुकट दिलं म्हणजे पुण्य केलं असंच मला वाटायचं. चांदणीला न्यायला एक गृहस्थ आले, गाडीत लहान मुलगा, हातात पेढ्यांचा पुडा. मी निरोप देताना तिच्या गळ्यात घुंगरू बांधला.

त्या नऊपैकी चौघांचाच पत्ता मला पुढे माहीत राहिला.

२०२१ च्या फेब्रुवारीत मुलीने फोनवर एक जाहिरात दाखवली. लॅब्रॅडॉरची पिल्लं विकायची आहेत, खाली फोटो, आणि फोटोत आई. आडवी पडलेली, सड लोंबलेले, अंगावरचे केस विरळ, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. शेपटीचं टोक दुमडलेलं.

मी आणि आमचे हे दुसऱ्या दिवशी नगर रस्त्याने वाघोलीच्या पुढे गेलो. पत्र्याची शेड, आत लोखंडी पिंजरे. बाहेरून पिल्लं बघायला आलोय असं सांगितलं. सात-आठ माद्या होत्या. चांदणीला मला ओळखता आलं नाही, आणि येणार तरी कसं, दीड महिन्याची होती. मीच तिला ओळखलं. हात आत घातला तर तिने चाटला नाही, नुसता वास घेतला आणि परत डोकं खाली ठेवलं. त्या माणसाला मी विचारलं, हिचे किती वेत झाले? तो सहज म्हणाला, "सात. आता पिल्लं कमी पडतात. न्यायची असेल तर हीच न्या, स्वस्तात देतो." पेढे घेऊन आलेला गृहस्थ तो नव्हता. मधे कुणी, कधी, कितीला विकली ते कळलं नाही. बारा हजार देऊन मी माझ्याच घरी जन्मलेली कुत्री विकत घेतली.

घरी आणून पहिला महिना ती सोफ्याखालून बाहेर यायची नाही. म्हातारी जाई, तिची आई, जवळ जाऊन बसायची. दोघींनी एकमेकींना ओळखलं का, मला ठाऊक नाही.

ऑपरेशन करायचंच होतं, पण डॉक्टर म्हणाल्या, आधी अंग धरू दे, रक्त वाढू दे. मे महिन्यात ती माजावर आली, आणि जूनमध्ये पाणी खूप प्यायला लागली. भांडं भरलं की रिकामं. खाणं बंद, मागून सारखी चाटत बसायची, आणि एका सकाळी फरशीवर घाण वासाचा पिवळा डाग. त्याच दुपारी ऑपरेशन. गर्भाशयात पू भरला होता. नंतर डॉक्टर मॅडमनी ट्रे दाखवला. कुत्रीच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात. एरवी ती पेन्सिलीएवढी बारीक असतात म्हणे. ट्रेमध्ये होती ती हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी, तांबडीलाल, ताणून ताणून चकाकणारी. "एक दिवस उशीर झाला असता तर फुटलं असतं," त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, किती जणींना होतं हे? त्यांनी स्वीडनचं सांगितलं. तिथे कुत्र्यांचा विमा असतो, त्यामुळे नोंदी पक्क्या असतात. त्या नोंदींप्रमाणे ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वयाच्या दहा वर्षांच्या आत या दुखण्यात सापडतो.

म्हणून सभेत मी पहिलं वाक्य हे बोलले, की २०१२ साली माझ्यावर कुणी सक्ती केली असती तर मी आज त्याचे आभार मानले असते. सक्ती या शब्दाला घाबरून मी विरोध करणार नाही. माझ्या हौसेपोटी नऊ जीव जन्मले आणि त्यातल्या एकीने सात वेत पिंजऱ्यात काढले. तिच्या त्या सात वेतांतली पिल्लं कुठे गेली? त्यांची पिल्लं? मला हिशेब लागत नाही.

पण ठरावात "सहा महिने" लिहिलं होतं, आणि तिथे मी अडले. ब्रूनोमुळे.

ब्रूनो म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा गोल्डन रिट्रीव्हर. त्याच्या घरच्यांनी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. पाचव्या महिन्यात ऑपरेशन, कारण कुणीतरी सांगितलं लवकर केलेलं बरं. साडेतीन वर्षांचा असताना जिना उतरताना मागच्या पायाच्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. मोठं ऑपरेशन, तीन महिने पट्ट्याला धरून, पोटाखाली टॉवेल घालून उचलून बाहेर न्यायचं. त्या टॉवेलचं एक टोक कधी कधी मी धरलं आहे. अमेरिकेतल्या डेव्हिसच्या विद्यापीठात गोल्डनवर २०१३ साली अभ्यास झाला. त्यात एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये सांध्यांचे त्रास जास्त दिसले. पुढे २०२० साली त्याच लोकांनी पस्तीस जाती तपासल्या तेव्हा प्रत्येक जातीचं वेगळं निघालं. लहान चणीच्या कुत्र्यांना फारसा फरक नाही, मोठ्यांत काहींना बराच. ब्रूनोच्या घरच्यांनी डॉक्टरांना विचारलं, लवकर केल्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, एका कुत्र्यावरून मी तसं सांगू शकत नाही, पण आज विचारलंत तर गोल्डनला मी थांबायला सांगते. या प्रामाणिकपणासाठीच मी चौदा वर्षं त्यांच्याकडे जाते.

मग सोसायटीचा ठराव त्यांच्याहून शहाणा कसा? नॉर्वेत तर कायदा उलट आहे, सबळ कारण असल्याशिवाय प्राण्याचा अवयव काढायचाच नाही. तिथे रस्त्यावर कुत्री नाहीत, लोक कुत्री मोकाट सोडत नाहीत, म्हणून त्यांना ते परवडतं. आपल्याकडे गेट उघडं राहिलं की पाच मिनिटांत व्हायचं ते होऊन जातं. लॉस एंजेलिसने २००८ मध्ये चार महिन्यांच्या वरच्या कुत्र्या-मांजरांना नसबंदी सक्तीची केली. पण अमेरिकेतल्या पशुवैद्यांची मोठी संघटना स्वतः नसबंदीच्या बाजूची असूनही अशा सरसकट सक्तीच्या बाजूने नाही. त्यांचं म्हणणं, सक्ती केली की लोक प्राण्याची नोंदणीच करत नाहीत, रेबीजची लस टोचायला नेत नाहीत, दवाखान्याची पायरीच टाळतात. हे वाचलं तेव्हा मला पुणंच दिसलं. महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली. आमच्या इमारतीत अकरा मांजरं आहेत, नोंदणी किती जणांनी केली म्हणून मी सभेत विचारलं. दोन हात वर झाले. त्यावर हजार रुपये दंड ठेवला तर ते दोन हातही खाली जातील. आणि दवाखाना टाळणारं मांजर म्हणजे लस नसलेलं मांजर. रेबीज एकदा झाला की त्याला औषध नाही.

मला जे सगळ्यात जास्त टोचतं ते आता सांगते. कायदा नाहीच असं नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत घरच्या प्राण्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकाची, असं सरळ लिहिलं आहे. वय नाही, तारीख नाही, पण जबाबदारी आहे. आणि विकणाऱ्यांसाठी २०१७ पासून वेगळे नियम आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, लागोपाठच्या दोन माजांना पिल्लं घ्यायची नाहीत, एका मादीचे आयुष्यात पाचच वेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, सहा महिन्यांवरचं जनावर नसबंदीशिवाय साध्या गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. वाघोलीपुढच्या त्या शेडमध्ये यातलं काय पाळलं जात होतं? चांदणीचे सात वेत. मला विकली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिची नसबंदी झालेली नव्हती. मी तक्रार केली. अर्ज दिला, फोटो दिले, जाहिरातीचा स्क्रीनशॉट दिला. तीन महिन्यांनी परत गेले तर अर्ज सापडत नव्हता. शेड जागच्या जागी होती.

आणि आपण मात्र पार्किंगमध्ये बसून, ज्यांनी आपलं कुत्रं दवाखान्यात नेलंय, लस दिलीय, नाव लिहिलंय, त्यांच्यावर दंड लावणार. नळ उघडाच ठेवायचा आणि फरशी पुसत बसायचं. माझा राग तिथे आहे.

अजून एक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. त्यांच्याकडे एक भाटी, म्हणजे मांजरी आहे, करड्या पट्ट्यांची. उंदरांसाठी ठेवलेली, आता पोरांची लाडकी. वर्षात दोनदा-तीनदा विते. मांजर पाच महिन्यांचं झालं की गाभण राहू शकतं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत राहू शकतं. मावशी ऑपरेशन करत नाहीत ते हौसेपायी नाही. खासगी दवाखान्यात जो आकडा सांगितला तो त्यांच्या अर्ध्या महिन्याच्या कमाईचा होता, वर रिक्षा, वर दोन दिवसांचे खाडे. पिल्लांचं काय करतात ते मी एकदाच विचारलं. त्यांनी कॅनॉलच्या दिशेने पाहिलं आणि भांडी घासत राहिल्या. मी परत विचारलं नाही. त्यांना दंड लावून काय वसूल करणार आहोत आपण?

सभेत मी हे तुटक तुटक बोलले. शेवटी म्हटलं, सक्ती करा, पण वय डॉक्टरांना ठरवू दे. प्रत्येक घराने डॉक्टरांचं एक पत्र द्यायचं, ऑपरेशन झालं आहे किंवा अमुक महिन्यात करायचं आहे, किंवा आजारामुळे करता येत नाही. ज्याला पिल्लं हवीत त्याने मंडळाची नोंदणी दाखवायची. माझ्यासारखी "एकदा तरी" वाली सवलत कुणालाही नको. दंड नको. सोसायटीला तो लावता येतो की नाही हाच मुळात वादाचा मुद्दा आहे, आणि २०१५ च्या केंद्रीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांप्रमाणे प्राणी पाळायला बंदी तर घालताच येत नाही. त्याऐवजी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेले पैसे आहेत, त्यातून आपल्या इमारतीत काम करणाऱ्यांच्या मांजरांची ऑपरेशनं करू. आणि त्या शेडबद्दलचा अर्ज मी एकटीने नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर परत देऊ.

आणीबाणीवाले काका म्हणाले, "डॉक्टरांचं पत्र चालेल मला." लेटरहेडवर बरीच कुजबुज झाली, शिक्का कशाला अडकवायचा म्हणून. वर्गणीचे पैसे द्यायलाही तिघांचा विरोध होता, त्यांनी तो नोंदवला. ठराव बदलून पुढच्या सभेपर्यंत तात्पुरता मंजूर झाला. अर्जावर सही करायला चेअरमननी दोन दिवस मागितले. बुधवारी सही मिळाली.

चांदणी आता अकराची होईल. मागचे पाय आखडतात, सोफ्याखाली आता मावत नाही, सोफ्यावर झोपते. गेटबाहेर अजून रात्री भुंकाभुंकी चालू आहे. ती कान टवकारते आणि परत डोळे मिटते.

मावशींच्या भाटीची तारीख उद्या सकाळी आठची आहे. पिंजरा ब्रूनोच्या घरून मिळाला नाही, तो फार मोठा होता, म्हणून भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घेतलाय, वरून जाळी बांधायची. रात्री नऊनंतर तिला खायला काही द्यायचं नाही असं मी दोनदा बजावलं होतं. आत्ता सव्वानऊला मावशींचा फोन आला.

"काकू, ती दुधाच्या पातेल्यापाशी बसून नुसती ओरडतेय. चमचाभर देऊ का?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "उद्या दुपारी."